वकीलपत्र नसलेला अशील

विवाहविच्छेदाच्या दाव्यातील घर, दागिने व पोटगी यांविषयीचे तंटे अखेर हिशेबाचे असतात, आणि हिशेब कितीही कटू झाला तरी कोठेतरी मिटतो. परंतु अपत्य कोणापाशी राहावे हा मुद्दा निघताच दाव्याचे स्वरूपच पालटते, कारण ज्याच्याविषयी निवाडा मागावयाचा तो बहुधा वादी आणि प्रतिवादी या दोघांवरही माया करणारा जीव असतो.

अपत्य कोणाचे, हा वाद आपल्या परंपरेस नवा नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज श्रेष्ठ की क्षेत्र श्रेष्ठ याचा खल आहे. महाभारतातील शकुंतलोपाख्यानात तर दुष्यंताच्या भरसभेत आकाशवाणी पुत्र पित्याचा असल्याचा निर्वाळा देते, पण त्याच दमात त्याचे भरणपोषण कर अशी आज्ञाही करते. म्हणजे तेथेही स्वामित्व सांगितले आहे ते कर्तव्य लादण्यासाठी. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या तेराव्या कलमाने हाच विचार पुढे नेऊन अज्ञान मुलाचे हित सर्वश्रेष्ठ मानले.

येथेच वकिली धर्माचा पेच उभा राहतो. वकीलपत्रावर सही आईची किंवा बापाची. ज्याचे हित सर्वश्रेष्ठ, तो मात्र कोणाचाच अशील नव्हे. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याने वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क ठेवला नाही, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. तथापि मुलाचे नित्याचे वास्तव्य पाहून अर्ज कोठे करावा, अंतरिम हुकूम कसा मागावा, भेटीचे वार कसे ठरवावेत, हे जाणत्या सल्ल्यावाचून सामान्य माणसास उमगत नाही. स्त्रियांना व बालकांना असे साहाय्य 1987 च्या कायद्यान्वये जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य मिळू शकते.

मग वकील पारखावा कशावरून? ताबा मिळवून देण्याची हमी देणाऱ्याकडे फिरकू नये. निकालावर अवलंबून असणारी फी ठरविण्यास तर वकिली व्यवसायाच्या नियमांनीच मज्जाव आहे. पहिल्याच बैठकीत जो मुलाची शाळा, त्याचे दुखणेखुपणे, त्याला रात्री कोण निजविते, आजीचा लळा किती, हे विचारतो, त्याने दाव्याचे मर्म ओळखले आहे. जो केवळ प्रतिपक्षाच्या दोषांची यादी मागतो, त्याने ते ओळखलेले नाही.

यावर आक्षेप असा की, वकिलाची निष्ठा अशिलाशीच असावयास हवी, न्यायाधीशाचे काम त्याने अंगावर घेऊ नये. आक्षेप रास्त आहे, आणि जेथे मारहाण किंवा छळ आहे तेथे तडजोडीचा उपदेश हा मुलाचाच घात ठरेल. परंतु एरवी अशिलाचे खरे हितही मुलाच्या हितापासून वेगळे काढता येत नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याखालील ताब्याचा हुकूम परिस्थितीनुसार बदलता येतो. म्हणून येथील विजय कायमचा नसतो, पण कैफियतीत दुसऱ्यावर उडविलेला चिखल मुलाच्या स्मरणात कायम राहू शकतो. ‘मूल आपल्यापाशी नसणेच त्याच्या हिताचे ठरले, तर ते तुम्हांस सोसवेल काय?’ हा प्रश्न, फी गमावण्याची पर्वा न करता, अशिलास विचारण्याचे धैर्य ज्याच्या ठायी असेल, त्याच्याच हाती वकीलपत्र द्यावे.