उतारशाळेचे देणे

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यातला याजक, लेवी, जखमी वाटसरू आणि शोमरोनी हे सगळे आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत. उतारशाळेच्या रखवालदाराकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शोमरोनी त्याच्या हातावर दोन दिनार ठेवतो, याची काळजी घे म्हणतो, वर काही खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. त्यानंतर काय झाले? रात्री उठून जखमीला पाणी कोणी पाजले? रक्ताने भरलेले अंथरूण कोणी बदलले? संत लूक काही सांगत नाही. पण कोणीतरी ते केले असणार, आणि ते पैसे घेऊन केले असणार.

पैसे घेऊन केलेली सेवा ही सेवा असते का? आणि पैसे मोजले की मोजणाऱ्याचे देणे संपते का? प्रवचनात हा प्रश्न फारसा येत नाही. पण आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांतील मुले-मुली आखातातील हॉटेलांत आणि बोटींवर हाउसकीपिंगमध्ये नोकरी करतात. प्रश्न आपल्या घरातलाच आहे.

आम्हांला तो पडला पॅरिसमध्ये. लुर्डसची यात्रा करून परतताना आमच्या गटाचा तेथे तीन रात्री मुक्काम होता. यात्रेचे पैसे बहुतेकांनी दोन-तीन वर्षे बाजूला टाकून जमवलेले, तेव्हा हॉटेल स्वस्तातले असणार हे ठरलेलेच होते. उत्तरेकडच्या मोठ्या रेल्वे स्टेशनपासून, म्हणजे गार द्यू नोरपासून, चालत दहा मिनिटांवर एक जुनी सहा मजली इमारत. लिफ्टमध्ये दोन माणसे मावत, किंवा एक माणूस आणि एक बॅग. फ्रान्समध्ये एका तारेच्या हॉटेलात दोघांच्या खोलीला किमान ९ चौरस मीटर जागा लागते असा नियम आहे. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीपेक्षा हे थोडे कमीच. तेवढ्यात दोन खाटा, एक खुर्ची आणि भिंतीला टेकून आमच्या बॅगा. खिडकी मागच्या चौकात उघडणारी. सकाळी पाव, लोणी, जॅम आणि कॉफी. शहराचा मुक्काम-कर माणशी, दर रात्रीचा, वेगळा.

तक्रार करावी असे काही नव्हते. चादर स्वच्छ होती, नळाला गरम पाणी होते, दाराला कुलूप होते. दिवसभर चालून आलेल्या माणसाला याहून जास्त काय लागते? खरे सांगायचे तर यात्रेकरूला एवढेच असावे असे आमचे मत आहे. आलिशान खोलीत उतरून तपश्चर्येच्या गोष्टी करणे जरा अवघड जाते.

पण स्वस्त म्हणजे नेमके कोणाला स्वस्त?

आमच्या मजल्याची सफाई करणारी बाई आफ्रिकेतून आलेली होती. वय पन्नाशीच्या आसपास असावे. सकाळी आम्ही न्याहारीहून परत येईपर्यंत तिच्या चार-पाच खोल्या झालेल्या असत. आमच्याबरोबरच्या एका मावशींना स्वतःची खाट दुसऱ्याने लावावी याची सवय नव्हती. पहिल्या सकाळी त्यांनी चादर ताणून, घड्या घालून खाट अशी नीट केली की जणू कोणी झोपलेच नव्हते. बाई आली, हसली आणि तिने ती सगळी चादर ओढून काढली, कारण ती धुण्यासाठी न्यायचीच होती. मग खुणांनी तिने सांगितले : वापरलेले टॉवेल एका जागी ठेवा, कचरा एका पिशवीत ठेवा, तेवढे पुरे. मावशी म्हणाल्या, "म्हणजे माझ्या मदतीने तिचे काम वाढलेच की." दुसऱ्याचे काम काय आहे हे विचारल्याशिवाय त्याला मदत करता येत नाही, हे बायबलवर्गात शिकायला आम्हांला बरेच दिवस लागले असते.

या कामाचा हिशेब पॅरिसमध्येच एकदा सगळ्या जगापुढे आला. इबिस ही मध्यम व स्वस्त दरातील हॉटेलांची साखळी आहे. बाटिन्योल भागातील तिच्या एका मोठ्या हॉटेलात सफाई करणाऱ्या सुमारे वीस कामगारांनी १७ जुलै २०१९ रोजी संप सुरू केला. बहुतेक सगळ्या आफ्रिकेतून आलेल्या बायका. त्या हॉटेलच्या नोकर नव्हत्या, एका ठेकेदार कंपनीच्या होत्या. तासाला साडेतीन खोल्या हा त्यांना ठरवून दिलेला वेग होता. म्हणजे एका खोलीला सुमारे सतरा मिनिटे : चादरी बदलायच्या, न्हाणीघर घासायचे, धूळ पुसायची, कचरा काढायचा. एखाद्या खोलीत कोणी जास्त घाण करून ठेवली की घड्याळ काही थांबत नाही, तो वेळ बाईच्या स्वतःच्या वेळातून जातो. पाठ आणि मनगटे कामातून जातात. मधल्या काळात कोरोना आला, हॉटेले बंद पडली, तरी संप मिटला नाही. बावीस महिन्यांनी, मे २०२१ मध्ये, करार झाला. पगार वाढला, कामाचा वेग कमी झाला, जेवणाचा भत्ता मिळाला. ठेकेदारी मात्र तशीच राहिली. त्या संपातील एक पुढारी रॅशेल केके पुढच्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, फ्रान्सच्या संसदेवर निवडून आल्या. चादरी बदलणारी बाई संसदेत पोहोचल्याची बातमी खूप गाजली.

येथे कोणी म्हणेल, आणि आमच्या गटातही एकाने म्हटले, की आपला काय संबंध? आपण ठरलेले भाडे दिले. तिने ठरलेल्या पगारावर काम घेतले. दोघांनी आपापल्या मर्जीने करार केला, कोणी कोणावर बळजबरी केली नाही. बोलणे तर्काला धरून आहे. पण पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात नेमका हाच युक्तिवाद घेतला आणि तो पुरेसा नाही असे सांगितले. दोघांनी राजीखुशीने मजुरी ठरवली तरी त्या कराराच्या वर न्यायाचा एक नियम आहे : मजुरीवर कष्टकऱ्याचे साधेपणाने पोट भरले पाहिजे. गरजेपोटी माणूस कमी मजुरी पत्करतो, तेव्हा त्याने होकार दिला म्हणून अन्यायाचा न्याय होत नाही. (२०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेताना याच परिपत्रकाची आठवण काढली होती.)

तरीही त्या बंधूंच्या म्हणण्यातली खरी अडचण उरतेच. आम्ही खोलीमागे दहा युरो जास्त दिले असते, तर ते त्या बाईपर्यंत पोहोचले असते का? बहुधा नाही. मालक, ठेकेदार आणि बुकिंग करणारी कंपनी यांच्यातच ते जिरले असते. महागड्या हॉटेलातील सफाईवाल्याही सुखात असतात असे नाही. म्हणजे स्वस्त हॉटेल टाळणे हा काही उपाय नव्हे. पर्यावरणाचेही तसेच. 'पाणी वाचवा, रोज सफाई नको' असे कार्ड दाराला लावले तर पाणी वाचते, पण जिचे कामाचे तास खोल्यांच्या हिशेबाने ठरतात तिचे तासही कमी होतात. आम्ही यावर एक अख्खी संध्याकाळ वाद घातला आणि एकमत झाले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही रू द्यू बाक येथील चॅपेलला गेलो. आपल्या घराघरांत गळ्यात असलेल्या चमत्कारी मेडलचे ते स्थान. १८३० मध्ये तेथे पवित्र मरियेने सिस्टर कॅथरिन लाबूरे यांना दर्शन दिले. त्यांचे शरीर तेथे काचेच्या पेटीत ठेवलेले आहे. यात्रेकरू रांगेने पुढे येतात, गुडघे टेकतात, जपमाळ काचेला लावतात. दर्शनाची कथा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतरच्या वर्षांबद्दल मात्र कमी बोलले जाते. कॅथरिन शेतकऱ्याची मुलगी. मठात येण्यापूर्वी त्या पॅरिसमध्ये भावाच्या खाणावळीत कामाला होत्या. दर्शनानंतर १८३१ पासून १८७६ मध्ये मरण येईपर्यंत त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, रयी येथील वृद्धाश्रमात राहिल्या. म्हाताऱ्या पुरुषांना भरवणे, त्यांचे कपडे व अंथरुणे सांभाळणे, कोंबड्यांना दाणे टाकणे, दारावर बसणे. पंचेचाळीस वर्षे हेच काम. मेडल जगभर पोहोचले होते, आणि ज्या म्हाताऱ्यांच्या चादरी त्या बदलत होत्या त्यांना ही सिस्टर कोण आहे याचा पत्ताही नव्हता. १९४७ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

आता चॅपेलमधून थेट हॉटेलात येऊ. काचेपुढे आपण ज्या हातांसाठी गुडघे टेकले त्या हातांनी चादरी बदलल्या होत्या. आणि कॉरिडॉरमध्ये ट्रॉली ढकलणाऱ्या बाईचे हातही तेच करत असतात. एकीने देवासाठी केले, दुसरी पगारासाठी करते, असे म्हणून हा फरक मिटवता येईल. आम्हांला ते पटत नाही. दुसरी पगार घेते तो गावाकडच्या मुलांसाठी किंवा म्हाताऱ्या आईसाठी घेत असेल, तर तो कोणासाठी होतो? आणि कॅथरिन सिस्टरांच्याही डोक्यावर छप्पर व ताटात अन्न होतेच. पगार घेतल्याने सेवेचे मोल जात नाही. मोल जाते ते घेणाऱ्याने तिच्याकडे पाहिले नाही म्हणजे.

फ्रेंच भाषेत यजमान आणि पाहुणा या दोघांनाही 'ओत' हा एकच शब्द आहे. कोण कोणाचे आदरातिथ्य करतो आहे हे संदर्भावरून ओळखायचे. हॉटेल हा शब्द त्याच घराण्यातला. नोत्र-दामच्या अगदी शेजारी पॅरिसचे सर्वांत जुने रुग्णालय आहे, त्याचे नाव 'ओतेल-द्यो', म्हणजे देवाचे घर. परंपरेप्रमाणे संत लांद्री या बिशपांनी ते ६५१ साली सुरू केले. गरीब, आजारी, वाटसरू, जो येईल त्याला तेथे जागा. शोमरोन्याच्या दाखल्यातील उतारशाळेसाठी लूकने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही 'सगळ्यांना घेणारी' असाच आहे. बेथलेहेमच्या गोष्टीत जागा नव्हती तेथे त्याने वेगळा शब्द वापरला आहे. मराठीत दोन्हीकडे आपण उतारशाळाच म्हणतो.

सगळ्यांना घेणारी उतारशाळा कशी असते हे आमच्याच हॉटेलात थोडे दिसले. खालच्या मजल्यावर एक आई आणि तिची दोन मुले राहत होती. मुले सकाळी दप्तरे घेऊन लिफ्टपाशी भेटत, म्हणून आम्हांला ते पर्यटक नाहीत हे कळले. रिसेप्शनवरचे गृहस्थ मूळचे पाँडिचेरीचे. त्यांनी सांगितले की ते कुटुंब आठ महिने तेथे आहे. पॅरिसमध्ये घर नसलेला माणूस ११५ या क्रमांकावर फोन करतो. १९९३ मध्ये स्थापन झालेली सामू सोशाल ही संस्था त्याच्यासाठी रात्रीची जागा शोधते, आणि वसतिगृहे भरलेली असल्याने हजारो माणसांना अशा स्वस्त हॉटेलांत ठेवले जाते. भाडे सरकार भरते. अशा खोल्यांत सहसा स्वयंपाकाची सोय नसते. मुले खाटेवर बसून गृहपाठ करतात. २०२३ मध्ये रग्बीचा विश्वचषक आणि २०२४ चे ऑलिंपिक जवळ आले तेव्हा काही हॉटेलांनी अशा खोल्या पुन्हा पर्यटकांना द्यायचे ठरवले, आणि या लोकांना इतर प्रांतांत हलवण्याची योजना सरकारला आखावी लागली.

म्हणजे नऊ चौरस मीटरची जी खोली आम्हांला तीन रात्रींसाठी साधी व पुरेशी वाटली, तशाच खोलीत एक आई दोन मुले वाढवत होती. आणि आमच्यासारखे पाहुणे पुरेसे आले तर मालकाला तिची खोलीही आम्हांलाच द्यावीशी वाटेल. यात आमचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. यात्रा करू नये असेही नाही. पण भाडे भरून पावती घेतली म्हणजे त्या इमारतीतील कोणाशीही आपले नाते उरले नाही, असे मानणे त्यानंतर आम्हांला कठीण झाले. शोमरोन्याने दिलेले दोन दिनार म्हणजे त्या काळची दोन दिवसांची मजुरी, काही लहान रक्कम नव्हे. तरी त्याने हिशेब तेथे बंद केला नाही. वर काय लागेल ते मी देईन, हे त्याचे वाक्य कोणत्याही व्यवहारी माणसाला धोक्याचे वाटेल. किती लागेल हे त्याला माहीत नव्हते. रखवालदार खरे सांगेल याची खात्री नव्हती. रखवालदारानेही एका परक्या शोमरोन्याच्या शब्दावर उधारी ठेवली.

शेवटच्या सकाळी मावशींनी टॉवेलांची एकच रास केली, कचरा पिशवीत बांधला आणि उशीवर दहा युरो व एक चमत्कारी मेडल ठेवले. बाई कोणत्या धर्माची आहे हे त्यांना माहीत नव्हते, म्हणून मेडल ठेवावे की नाही यावर त्या बराच वेळ घुटमळल्या होत्या. शेवटी खाली उतरताना बाई जिन्यात भेटली, तेव्हा त्यांनी तिला नाव विचारले. तिचे नाव मरियामा होते.

पुढच्या यात्रेची तयारी आता सुरू होत आहे. खर्चाच्या तक्त्यात विमान, बस, जेवण, गाइड आणि दानपेटी यांच्या ओळी नेहमीच्याच आहेत. त्यांच्याखाली खोल्या झाडणाऱ्यांसाठी एक वेगळी ओळ असावी आणि ती रक्कम गटप्रमुखाने ज्याच्या त्याच्या हातात द्यावी, अशी आमची सूचना आहे. ११५ वर फोन करणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेलाही त्यातून काही देता येईल. रक्कम किती धरायची हे यात्रेकरूंच्या पहिल्या बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवावे.