शब्द टाकताना



चाळीतल्या एका घरात पहाटेच दिवा लागला होता. काकांच्या ऑपरेशनसाठी पुतण्या वहीत नावं लिहीत होता. कुणाकडे शब्द टाकायचा? पेन अडत होतं. शब्द टाकणं सोपं नसतं.

मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज गेला होता. तरी पैसे कमीच पडत होते.

शेजारच्या आजी आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी मऊ पडलेली नोट वहीवर ठेवली. म्हणाल्या, "नाव नको लिहूस, बाळा."

मंडळी, कुणी आपल्याकडे शब्द टाकला, तर आधी पेशंटची विचारपूस करा. पैशांचं मागाहून. आणि शब्द टाकणाऱ्यानं पै-पै लिहून ठेवावी, बिलं सगळ्यांना दाखवावीत.

त्या वहीचं पान आता भरलंय. पहिल्या ओळीत रक्कम आहे, नाव नाही.