डोंगरावरचे पाहुणे



येत्या ६ ऑगस्टला आपण प्रभूच्या रूपांतराचा सण साजरा करणार आहोत. त्यानंतरच्या रविवारी, पहाटेची मिस्सा आटोपून, आपल्या धर्मग्रामाची सहल पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्याला निघेल. सण आणि सहल जवळजवळ आले आहेत ते आपण मुद्दाम ठरवल्यामुळे. पावसाळ्यात मोर पाहायला मिळतो हे एक कारण. दुसरे कारण आपल्या घरांचे आहे. दिवाळी झाली की आपल्यातील कित्येक दारांना कुलूप लागते. कोयता घेऊन जोडपी ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. नाताळच्या मिस्सेला त्यांच्या जागा रिकाम्या असतात. ऑगस्टमध्ये मात्र सारे घरी असतात. सहल सगळ्यांची व्हायची तर ती याच दिवसांत व्हायला हवी.

रूपांतराची कथा आपण दरवर्षी ऐकतो. पेत्र, याकोब आणि योहान यांना घेऊन प्रभू येशू डोंगरावर गेला. तिथे त्याचा चेहरा तेजाने उजळला, मोशे आणि एलिया त्याच्याशी बोलताना दिसले. पेत्राला ते दृश्य इतके आवडले की इथे तीन मंडप घालू या, असे तो म्हणाला. प्रभूने मंडप घालू दिले नाहीत. ते चौघे खाली उतरले, आणि पायथ्याशी गर्दीत एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन वाट पाहत उभा होता. आपण वरच्या तेजाबद्दल पुष्कळ बोलतो, पण मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही ती कथा या बापापाशी आणून सोडली आहे. डोंगरावर जाण्याची पुढची वाट त्याच्यापर्यंत येते.

आता आपल्या डोंगराकडे येऊ. केज, नेकनूर, मांजरसुंबा आणि तिथून पाटोद्याच्या रस्त्याने आपण बालाघाटाच्या माथ्यावर पोहोचतो. सह्याद्रीसारखी उंच शिखरे इथे नाहीत. उघडी माळराने, काळा खडक, मधेच खोल उतरलेल्या दऱ्या, आणि त्यांत बोर, बाभूळ, पळस, सालई अशी काटक झाडे. उन्हाळ्यात गेलात तर याला जंगल का म्हणायचे असा प्रश्न पडेल. दोन पाऊस झाले की तोच डोंगर हिरवा होतो. सुमारे ३० चौरस किलोमीटरचा हा टापू १९९४ साली मोरांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

याच तालुक्यात, याच डोंगररांगेत आपली मांजरा उगम पावते. धनेगावचे धरण आपल्या इतके जवळ आहे की पाणी तिथूनच येते असे मुलांना वाटते. पण धरण पाणी साठवते, देत नाही. देतो तो पाऊस, आणि त्याला थोपवून हळूहळू सोडतो तो वरचा डोंगर, त्यावरचे गवत आणि झाडे. २०१६ साली धरण कोरडे पडले, तेव्हा लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी पोहोचली, १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात रात्री दोन वाजता घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माता-भगिनी आपल्यात बसल्या आहेत. पाण्याची आठवण त्यांना करून द्यायला नको. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक लिहिले. त्यात सृष्टीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश त्यांनी एकत्र ऐकायला सांगितला. मराठवाड्यात ते समजायला फार शिकावे लागत नाही.

मोराविषयीही थोडे सांगायला हवे, कारण तो पवित्र शास्त्रात आहे हे अनेकांना ठाऊक नसते. राजे या पहिल्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात शलमोनाची जहाजे सोने, रुपे आणि हस्तिदंताबरोबर मोर घेऊन येतात. तिथला हिब्रू शब्द तमिळमधील ‘तोकै’ या शब्दावरून गेला असावा, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. काही भाषांतरांत मात्र मोराऐवजी वानराची एक जात दिली आहे. आम्हाला अर्थातच मोर पटतो. रोममधील भुयारी दफनभूमीत आद्य ख्रिस्ती लोकांनी मोराची चित्रे काढली ती अमर जीवनाची खूण म्हणून. मोराचे मांस कुजत नाही असा तेव्हा समज होता. संत ऑगस्टीन यांनी कार्थेजमध्ये शिजवलेल्या मोराचा तुकडा मुद्दाम ठेवून पाहिला आणि तो वर्षभर नासला नाही, असे ‘देवाचे नगर’ या ग्रंथात लिहून ठेवले. हा प्रयोग आपल्याला करता येणार नाही. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला पूर्ण संरक्षण आहे.

पिसाऱ्याकडे सगळ्यांचे डोळे लागतात, पण पावसाळ्यातील खरे काम लांडोरीचे असते. ती घरटे झाडावर बांधत नाही. काटेरी झुडपाखाली जमीन जराशी उकरून तिथेच अंडी घालते आणि सुमारे २८ दिवस एकटी उबवते. मोर त्यात काही मदत करत नाही. तिचा रंग मातीचा, त्यामुळे पायाखाली येईपर्यंत ती दिसत नाही. म्हणून वाट सोडून झुडपात शिरायचे नाही. फोटोसाठी तर नाहीच. अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात मोशेच्या नियमशास्त्राने वाटेत सापडलेल्या घरट्याविषयी नियम दिला आहे: पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेल्या आईला धरू नये. घर, शेत, कपडे अशा मोठमोठ्या नियमांच्या मधोमध एका पक्षिणीसाठी जागा ठेवली आहे. अभयारण्यातून काहीही उचलून नेण्यास कायद्याची मनाई आहे, तेव्हा गळालेले पीससुद्धा तिथेच राहू द्यावे. मुलांना हे आईवडिलांनी आधीच घरी सांगावे, कारण तिथे पोहोचल्यावर पीस दिसले की कोणी ऐकत नाही.

मंडपाचा मोह आपल्यालाही होतो. सहल म्हटली की सतरंज्या, स्पीकर, चूल आणि परतताना मागे राहिलेल्या पत्रावळ्या. यंदा यातले काही नको. वर चूल पेटवायची नाही, गाणी लावायची नाहीत. चढताना अर्धा तास कोणीही बोलायचे नाही. कानाला जे ऐकू येईल ती त्या दिवसाची प्रार्थना समजावी.

आणि मग खाली उतरायचे. अभयारण्याच्या कडेच्या गावांत आपल्यासारखीच कोरडवाहू शेती आहे, आपल्यासारखेच कोयत्याला जाणारे हात आहेत. आपल्याला सुंदर वाटणारा मोर त्यांच्या भुईमुगाच्या शेंगा उकरतो, पेरलेले दाणे टिपतो. त्याला मारायचे नाही, आणि दगड उचलण्याआधीही विचार करायचा. ज्या डोंगरात पूर्वी गुरे मोकळी सुटायची तिथे आता बंधने आहेत. जंगल टिकावे असे सगळ्यांना वाटते, पण त्याची किंमत पायथ्याची थोडी माणसे भरतात. त्यांच्याशी बोलल्याशिवाय परतलो तर आपण पेत्राच्या मंडपातच बसून राहिलो असे होईल. म्हणून दुपारचे जेवण बरोबर न्यायचे नाही. पायथ्याच्या गावातील भगिनींकडून पिठले-भाकरी आणि ठेचा विकत घ्यायचा, आणि घासाघीस न करता पैसे द्यायचे. जेवताना यंदा पेरणी कशी झाली, विहिरीला पाणी किती आहे, हे विचारायचे. त्यांचे गाऱ्हाणे ऐकायला आपल्यापाशी तास-दोन तास असतील.

वनखात्याच्या परवानगीसाठी नावे द्यावी लागतात, ती पुढच्या रविवारपर्यंत मिस्सेनंतर लिहून द्यावीत. बसचे भाडे ज्यांना जड जाईल त्यांनी संकोच न करता फादरांना सांगावे, ती सोय झालेली आहे. ज्येष्ठांना चढण झेपणार नाही, त्यांची बसण्याची व्यवस्था खाली गावातच करू. पाण्याची बाटली घरून भरून आणावी, कारण वर मोरांसाठी जे पाणी आहे ते मोरांचेच आहे.