मूळ धरू द्या

आपल्या कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यातलं गवत पावसाबरोबर आपसूक उगवतं. गोल्फच्या मैदानावर मात्र कधी कधी तयार हिरवळीच्या पट्ट्या आणून अंथरतात. पहिल्याच दिवशी सारं हिरवंगार दिसतं. पण खाली जमिनीत मूळ धरलेलं नसतं. म्हणून जाणता माळी मूळ धरू देतो. पाणी देतो, सांध्यांत बारीक वाळू भरतो, हलका रोलर फिरवतो. गवत आधी उंच राखतो, मग हळूहळू कमी उंचीवर कापतो. तोवर खेळ बंद ठेवतो.

कोणी म्हणेल, एवढा खर्च केला, मग मैदान रिकामं का? प्रश्न रास्त आहे. पण कोपरा उचलताच गवत सुटून येत असेल, तर खेळाने ते फाटणारच. माणसांचंही तसंच. घरातली नवी सून, शाळेतला नवा शिक्षक, यांना आपण पहिल्याच आठवड्यात तोलू लागतो. त्यांनाही मूळ धरू द्या. याचा अर्थ दुर्लक्ष करा, असा नाही. चूक जरूर सांगा. पण शेजारी बसून, हलक्या आवाजात सांगा.