आधी विचारा, मग विषय घ्या

अमेरिकेतलं पहिलं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट इथे सुरू झालं. अशा कॉलेजांत कमी फी, दोन वर्षांचं शिक्षण आणि पुढे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायची सोय. पण ही सोय आपोआप पदरात पडत नाही. प्रत्येक विषयाचं क्रेडिट पुढचं विद्यापीठ धरेलच असं नाही. म्हणून विषय निवडण्याआधीच समुपदेशकाला गाठावं. अभ्यासात अडलं तर प्राध्यापकांना भेटावं; त्यांच्या भेटीची वेळ सिलॅबसवर दिलेली असते. त्या वेळी वही घेऊन जावं, गणित नेमकं कुठल्या पायरीवर अडलं ते दाखवावं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी झेपतील तेवढेच विषय घ्यावेत आणि विषय सोडण्याची शेवटची तारीख आधीच टिपून ठेवावी. विद्यार्थीमित्रांनो, विचारायला लाजू नका. जो विचारतो, त्याचं अडत नाही.