दोन नाणी आणि एक ‘मी’

माणसाला स्वतःची ओळख फार प्रिय असते. नाव, घराणे, जमात, गाव, यांतले काहीही कुणी नाकारले की तो बेचैन होतो. निसर्गाच्या तळाशी मात्र वेगळाच कारभार चालतो.

१९२४ साली ढाका विद्यापीठात शिकवणारे सत्येंद्रनाथ बोस प्रकाशकणांची मोजदाद करत होते. आपण दोन नाणी उडवली तर ४ शक्यता असतात: दोन्ही छापे, दोन्ही काटे, पहिल्याचा छापा व दुसऱ्याचा काटा, किंवा याच्या उलट. पण प्रकाशकणांत ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ असे काही नसतेच. म्हणून शेवटच्या दोन शक्यता ही एकच शक्यता होते. उरतात ३, तिन्ही सारख्याच वजनाच्या. अशी मोजणी केली तेव्हाच प्लांक यांचे सूत्र नीट हाती आले. बोस यांचा हा लेख आइन्स्टाइन यांनी स्वतः जर्मनमध्ये अनुवादून छापवला.

ते कण आपल्याला ओळखू येत नाहीत, एवढाच याचा अर्थ नाही. ‘हा’ आणि ‘तो’ हा भेदच तिथे नाही. इलेक्ट्रॉनचेही तसेच, दोघांची अदलाबदल करा, मोजता येईल असे काहीही बदलत नाही. इलेक्ट्रॉन थोडा मानी खरा, आपल्या अवस्थेत तो दुसऱ्याला शिरू देत नाही. पण त्याच्या या हट्टामुळेच तर दगड दगडासारखा टणक राहतो.

इथे सूफींची फना आठवणे साहजिक आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी आपल्या ग्रंथाला ‘योगसंग्राम’ असे नाव दिले, आणि तो संग्राम काही शेजाऱ्याशी नव्हता. तरीही विज्ञानाने तसव्वुफ सिद्ध केले, असे मी म्हणणार नाही. इलेक्ट्रॉनजवळ सोडण्यासारखा ‘मी’ नव्हताच. ज्याला भूकच लागत नाही त्याच्या रोज्याचे कौतुक ते काय?

नफ्स मोठा चलाख आहे. तो विज्ञानाच्या दारानेही आत येतो. ‘पाहणाऱ्यावाचून जग नाही’ असे कुणी सांगितले की आपण खूश होतो, कारण पाहणारे आपण! प्रयोगशाळेत पाहण्याचे काम एखादी फोटोची काचही करते, हे कोण लक्षात घेतो? मग पुढची पायरी येते: ‘हे सारे आमच्या किताबात आधीच होते.’ शेजारी वेदांताचे नाव घेतात, आपण कुराणाचे; सूर एकच. जोर किताबावर नसतो, ‘आमच्या’वर असतो.

अब्दुस सलाम यांना १९७९ साली वाइनबर्ग आणि ग्लाशो यांच्यासोबत नोबेल मिळाले. विद्युतचुंबकीय बल आणि क्षीण बल ही एकाच बलाची रूपे आहेत, असे त्यांनी दाखवले. सलाम श्रद्धावान मुसलमान, वाइनबर्ग नास्तिक. दोघे वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकाच सिद्धान्ताला पोहोचले. सलाम यांना त्यात अवघडण्यासारखे काही वाटले नाही, त्यांनी ते मोकळेपणाने लिहिले.

ते अहमदिया जमातीचे. १९७४ साली पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून या जमातीला गैरमुस्लिम ठरवले. १९९६ साली सलाम वारले, रबवा येथे दफन झाले. कबरीच्या दगडावर ‘पहिले मुस्लिम नोबेल मानकरी’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले होते. पुढे त्यातला ‘मुस्लिम’ तेवढा पुसण्यात आला. उरलेल्या मजकुराप्रमाणे ते जगातलेच पहिले नोबेल मानकरी ठरतात.