मैदानाचे विश्वस्त

क्रीडा व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणाची सुरुवात अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात १९६६ मध्ये झाली, आणि त्यामागची प्रेरणा वॉल्टर ओ'मॅलीची होती. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचा हा मालक. स्टेडियमसारखे कारभार चालवायला शिकून तयार झालेली माणसं मिळायची कुठे, असं त्यानं १९५७ मध्ये प्राध्यापक जेम्स मेसन यांना पत्रातून विचारलं होतं. त्याच वर्षी हंगाम संपल्यावर त्यानं संघ ब्रुकलिनमधून लॉस एंजेलिसला हलवला. संघ तोट्यात नव्हता. योगायोगच म्हणा, पण या पदवीपुढचा नैतिक प्रश्न त्यात आयता सापडतो: ज्या खेळात घाम दुसऱ्यांनी गाळला आणि जीव तिसऱ्यांनी लावला, त्यावर आपली कारकीर्द कोणत्या अधिकारानं उभारायची?

खेळ खेळासाठीच असावा, फळावर नजर ठेवणाऱ्यानं मैदानापासून लांब राहावं, असं गीतेचा हवाला देऊन म्हणता येईल. पण गीता कर्म सोडायला सांगत नाही, आणि हिशेब न ठेवणं म्हणजे अनासक्ती नव्हे. गांधींनी आत्मकथेत लिहिलं आहे की गीतेतला अपरिग्रह त्यांना उलगडला तो इंग्रजी कायद्याच्या अभ्यासातून. विश्वस्ताच्या हाती कोट्यवधींची मालमत्ता असली तरी त्यातली एक पै तो आपली मानत नाही, हे त्यांना तिथे कळलं. म्हणजे पोटासाठी घेतलेलं व्यावसायिक शिक्षणच धर्मग्रंथाचा अर्थ लावायला कामी आलं. खेळाच्या व्यवस्थापकाची जागा हीच आहे: ताबा त्याचा, मालकी त्याची नाही. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या काळातल्या प्रसारण हक्कांना ४८,३९० कोटी रुपये मिळाले. एवढी रक्कम हाताळायला जाणकार माणूस हवाच. अडाणी विश्वस्तही ठेव बुडवतोच की.

ओ'मॅलीच्या आधी डॉजर्सचा कारभार ब्रँच रिकी पाहत असे. कायद्याचा पदवीधर, कट्टर मेथडिस्ट ख्रिस्ती, रविवारी मैदानावर पाऊल न ठेवणारा. (रविवारच्या तिकिटांचा पैसा मात्र चालत असे, हे त्याच्या टीकाकारांनी बरोबर हेरलं होतं.) तेव्हा बेसबॉलच्या प्रमुख लीगमध्ये कृष्णवर्णीयांना दारं बंद होती. त्यानं जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला करारबद्ध केलं आणि १९४७ मध्ये रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला. यात धर्म किती आणि धंदा किती? कृष्णवर्णीय प्रेक्षक आला तर गल्ला वाढणार, हे रिकीला कळत नव्हतं असं कोण म्हणेल? शिवाय रॉबिन्सन आधी कृष्णवर्णीयांच्या ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघात खेळत होता, त्या संघाला रिकीनं छदामही दिला नाही. ते अन्यायाचंच होतं. तरीही हेतू निर्भेळ नव्हता एवढ्यावरून कृती रद्दबातल होत नाही. पाहायचं ते पैसा कशाच्या मागे चालला हे. इथे नफा झाला तो खेळ अधिक खरा झाल्यामुळे, कारण ज्या स्पर्धेत उत्तम खेळाडूंना कातडीवरून मज्जाव असतो, ती स्पर्धा मुळात अपुरीच.

मग ओ'मॅली खलनायक ठरतो का? इतकं सोपं नाही. त्याला ब्रुकलिनमध्येच स्वतःच्या पैशानं नवं स्टेडियम बांधायचं होतं. हवी ती जागा मिळवून द्यायला न्यूयॉर्कच्या शहरविकासाची सूत्रं हाती असलेले अधिकारी रॉबर्ट मोझेस राजी झाले नाहीत. संघाचं जुनं स्टेडियम, एबेट्स फील्ड, अपुरं पडत होतं, आणि धंद्याच्या गणितात लॉस एंजेलिस चुकलं नाही. पण त्या गणितात ब्रुकलिनकरांसाठी रकानाच नव्हता. त्यांनी वर्षानुवर्षं दिलेली निष्ठा ही ठेव होती आणि कायद्यानं ती ओ'मॅलीच्या मालमत्तेत जिरली. भावनेवर कारभार चालत नाही, हा आक्षेप इथे हमखास येतो. पण तिकीट, जाहिरात, प्रसारण हक्क यांतून विकली जाते ती भावनाच. विकताना ती मालमत्ता आणि जपायची वेळ आली की हळवेपणा, हा हिशेब व्यवस्थापनशास्त्राच्या कसोटीवरही टिकत नाही. म्हणून पुण्या-मुंबईत आज ही पदवी घेणाऱ्याला ताळेबंद वाचायला शिकवावंच, पण किंमत चांगली आली तरी काय विकायचं नाही, हाही त्याच्या परीक्षेतला प्रश्न असायला हवा.